कंदीलवाले

“तिथे वायफाय असतं का?” आफ्रिकेच्या जंगलाबद्दल माझ्या गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न हाच असतो. दुसरा, शाकाहारी जेवण मिळेल ना? सिंह दिसतील का, हे आपलं सगळ्यात शेवटी, जाता जाता. तांजोंग पगारच्या एका जुन्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. तिथे बसून मी सिंगापूरच्या पैसेवाल्यांना सफारी विकते. एका सिंहाभोवती वीस जीपा उभ्या असतात तसली नाही हं. चाड, गॅबॉन, टांझानियाची पश्चिमेकडची बाजू, म्हणजे नाव ऐकल्यावर माणूस आधी नकाशा उघडतो अशा जागा. तंबूत तांब्याचा टब, संध्याकाळी पाणघोड्यांसमोर खुर्ची टाकून थंडगार पेय, आणि आसपास दुसरं काळं कुत्रं नाही. असल्या एकांतासाठी लोक वाटेल तेवढे पैसे मोजतात, आणि मग मला फोन करून विचारतात, “फारच शांत आहे, काही करायला नाही का?”

माझं नाव क्षिप्रा. भुताखेतांवर माझा तिळमात्र विश्वास नाही. जंगलात अंधारातून कोण ओरडतंय हे ओळखणं माझ्या कामाचाच भाग आहे, त्यामुळे घाबरायला मला सवड मिळत नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून माझी नणंद मधुवंती म्हणाली, “वहिनी, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे.”

बाबा गेल्यापासून माझी आई, शैला, आमच्याकडे बिशानला राहते. आई महागप्पिष्ट. दारापर्यंत आलेल्या माणसाला “या ना आत, चहा घेऊन जा” म्हटल्याशिवाय ती सोडत नाही. समोरच्याला मराठी कळतं का, हा प्रश्न तिला पडतच नाही. एसी दुरुस्तीवाला, पार्सलवाला, सगळ्यांना आमंत्रण. एकदा चुकून आमची बेल वाजवणारा एक चिनी विमा एजंट खरंच आत आला आणि वाटीभर शंकरपाळे फस्त करून गेला. वर “सेम टाइम नेक्स्ट वीक, आंटी?” म्हणून विचारूनही गेला.

पण गेल्या वर्षीपासून आई रस्ता विसरायला लागली. माणसं नाही, नावं नाही, फक्त रस्ता. बिशानचे ब्लॉक, त्या उंच उंच इमारती, म्हणजे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, त्यात तिचा काय दोष? दोनदा पोलिसांनी तिला घरी आणून सोडलं. (त्यांनाही चहाला बोलावलंच.) नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी हळुवारपणे सांगितलं की हे वाढत जाणार. माझा धाकटा भाऊ रुचिर पुण्यात असतो. त्याने तिथे एक केअर सेंटर बघून ठेवलं आणि मला निक्षून सांगितलं, “ताई, आता परत एकदा हरवली, की मी येऊन तिला घेऊन जाणार.” त्याचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. पण मला आई घरी हवी होती. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच डब्यांची झाकणं अदलाबदल करत. बाकी मला काहीही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

ऑगस्टमध्ये मला टांझानियातल्या कटावीला एक नवा कॅम्प बघायला जायचं होतं. नवरा तन्मय दिवसभर बँकेत, लेक आर्या शाळेत, आईला एकटं ठेवायचं कसं? म्हणून तिलाच बरोबर घेतलं. आईने लगेच मेतकुटाचा डबा बाहेर काढला. घरी ती मेतकुटाला हात लावत नाही. मेतकूट फक्त प्रवासासाठी. तो डबा निघाला की समजायचं, बाईसाहेब निघाल्या.

कॅम्पमध्ये ती नुसती फुलली. छोट्या विमानातून उतरल्या उतरल्या पायलटला चहाचं निमंत्रण. आटत चाललेल्या डबक्यात चिखल माखून दाटीवाटीने पडलेले पाणघोडे बघून म्हणाली, “अगंबाई, यांना तरी घर सापडतं.” पहिल्या संध्याकाळी पांघरुणात पाय सरकवले आणि किंचाळली, कारण कॅम्पच्या लोकांनी पलंगात गरम पाण्याची पिशवी ठेवली होती आणि आईला वाटलं, कुणीतरी जनावर आधीच येऊन झोपलंय. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की तंबू हलला असेल.

असल्या कॅम्पमध्ये एक नियम कडक असतो. अंधार पडला की एकट्याने तंबूकडे जायचं नाही. रखवालदार येतो आणि पोचवून देतो. मी मॅनेजरबाईंशी दरांबद्दल बोलत बसे, आईला लवकर झोप येई, त्यामुळे ती रोज माझ्याआधी निघायची. जेवणाच्या तंबूतून मला दिसे ते एवढंच: एक उंच माणूस, अंगावर तपकिरी घोंगडी, हातात कंदील. मागे आई, तोंडाची टकळी चालू. मला ते फार आवडलं. जुन्या काळचा कंदील, काय कल्पना आहे, म्हटलं ब्रोशरमध्ये घालू.

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेले. तो पुढे, आम्ही मागे. कंदील गुडघ्याच्या खाली धरलेला, त्यामुळे चेहरा अंधारातच. दिसत होत्या फक्त त्याच्या टायरच्या रबराच्या चपला आणि जमिनीवर पडलेला पिवळा गोल.

“त्या गोलातच पाय ठेवायचा हं,” आईने मला बजावलं. “बाहेर नाही. त्यांनी दाखवलंय मला.”

तंबूच्या पायऱ्यांपाशी तो थांबला. आई वळून म्हणाली, “या ना आत, चहा घेऊन जा.” तो हलकेच हसला आणि दोनच शब्द बोलला. दुसरा शब्द “केशो” होता.

“केशो म्हणजे उद्या,” आई मला म्हणाली. “रोज उद्या म्हणतात. संकोची आहेत बिचारे. पण चहाला तिकडेही चायच म्हणतात, माहितेय तुला?”

शेवटच्या संध्याकाळी मी तंबूत पोचले तेव्हा आईचे निळे कॅनव्हासचे बूट दाराबाहेर, तोंड बाहेरच्या बाजूला करून, नीट जोडीने ठेवलेले होते. शेजारी चिमूटभर लाल माती. “त्यांनीच झटकून ठेवले,” आई म्हणाली. “आत विंचू जातात ना. उद्या निघायचं म्हणून पाय घालायला सोपं.” मला कौतुक वाटलं. एवढी सेवा पंचतारांकित हॉटेलात मिळत नाही.

सिंगापूरला परतल्यावर चार दिवस बरे गेले आणि आईने जाहीर केलं, “मी संध्याकाळी पार्कमध्ये फिरायला जाणार. एकटी.” मी नाही म्हटलं. तिने ऐकलं नाही. मग मी गुपचूप मागे गेले. आईने नदीकाठी पाणमांजरांचं कुटुंब पाहिलं, त्यांच्याशी बोलली, अंधारून आलं तशी उठली आणि सरळ घराकडे निघाली. कुठे थबकली नाही, ब्लॉकचे आकडे वाचले नाहीत. फक्त पावलं जरा छोटी टाकत होती, डबक्यांच्या मधून चालल्यासारखी.

आमच्या दाराशी पोचल्यावर ती वळली. रिकाम्या कॉरिडॉरकडे बघून म्हणाली, “या ना आत, चहा घेऊन जा.” क्षणभर थांबली. “बरं, उद्या मग.” बूट काढले आणि आत गेली.

मी खांबाआड उभी राहून हसत होते. म्हटलं, करमतं ना तिला, करू दे.

तेव्हापासून आई हरवली नाही. एकदाही नाही. डॉक्टर खूष. रुचिर फोनवर म्हणाला, “ताई, जादू केलीस काय?” आणि केअर सेंटरचा विषय त्याने आपणहून बंद केला. मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना कॉफी पाजली. आर्या तर मलाच झापायला लागली, “मॉम, स्टॉप स्टॉकिंग आज्जी, लाह! शी ओके ऑलरेडी.”

मग एक दिवस लिफ्टमध्ये शेजारच्या लिम आंटी भेटल्या. “क्षिप्रा, यू टेल युअर मदर्स फ्रेंड, कॉरिडॉर कॅनॉट बर्न ऑइल लॅम्प, हां. टाउन कौन्सिल विल फाइन, लाह.”

“कोण फ्रेंड?” मी त्यांना इंग्रजीत विचारलं.

“दॅट टॉल वन. एव्हरी इव्हनिंग सेंड हर होम. सो पोलाइट, नेव्हर गो इन.”

मी हसून वेळ मारून नेली. वय झालंय त्यांचंही, असं मनाशी म्हटलं. पण त्या संध्याकाळी ऑफिसातून लवकर निघाले आणि आमच्या ब्लॉकच्या खाली, व्हॉइड डेकच्या, म्हणजे मोकळ्या तळमजल्याच्या, बाकावर जाऊन बसले.

आई आली. तिच्या पुढे, सिमेंटच्या जमिनीवर, पिवळा गोल सरकत होता. वरचे ट्यूबलाइट पांढरे होते. गोल पिवळा होता आणि किंचित हलत होता, चालणाऱ्या माणसाच्या हाताबरोबर हलावा तसा. आई त्यात पाय ठेवत, विमा एजंटच्या गमती सांगत, माझ्यासमोरून गेली. तिने मला पाहिलंही नाही. वाळलेल्या गवताचा आणि धुराचा वास आला आणि मग लिफ्टचं दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी कटावीच्या मॅनेजरबाईंशी कामाचा व्हिडिओ कॉल होता. बोलता बोलता मी त्या कंदीलवाल्या रखवालदाराचं कौतुक केलं. त्या गोंधळल्या. त्यांच्या सगळ्या माणसांकडे बॅटरीचे टॉर्च होते. कापडी तंबू, वाळलेलं गवत, तिथे उघडा दिवा कोण नेऊ देईल? “तुमच्या आई रोज एकट्याच निघून जायच्या,” त्या म्हणाल्या. “आमची माणसं टॉर्च घेऊन त्यांच्या मागे धावायची, आणि प्रत्येक वेळी त्या आधीच सुखरूप पोचलेल्या असायच्या.”

यावर मी काय केलं? काही नाही. दरपत्रकाकडे वळले. कबूल करते, मला त्या माणसाची भीती वाटली नाही. भीती वाटत होती ती तो यायचा थांबेल याची. तो होता म्हणून आई घरी होती. कोण का असेना, कुठून का येईना, माझ्या आईला रोज दारापर्यंत आणून सोडत होता आणि बदल्यात कपभर चहाही घेत नव्हता. एक-दोनदा तर मीच आतून ओरडले, “अहो, या की!” आई खुदकन हसली.

काल संध्याकाळी मी ऑफिसातून आले. कॉरिडॉरमध्ये धुराचा वास होता. लोखंडी दार उघडंच होतं.

बाहेर, रॅकपाशी, आईचे निळे बूट होते. नेहमीसारखे, भिंतीकडे तोंड करून, एक आडवा पडलेला.

त्यांच्या शेजारी टायरच्या रबराच्या चपला. लाल धुळीने माखलेल्या, शिस्तीत काढून ठेवलेल्या.

आतून आईचा आवाज आला. “साखर किती घालू?”

मी आत गेले. आई ट्रेमध्ये कप मांडत होती. ठेवणीतले, सोनेरी काठाचे. चेहरा लग्नघरातल्यासारखा.

“अगं, आज हो म्हणाले!”

“कुठे आहेत?”

“सोफ्यावर बसलेत की. मोठ्याने बोलू नकोस, संकोची आहेत.”

सोफ्यावर कोणी नव्हतं. आईने कप टीपॉयवर ठेवला, शेजारी शंकरपाळ्यांची वाटी. मी आईला चिकटून बसले आणि तिचा हात धरला. तिने ऊन-पावसाच्या, पिकांच्या, लेकीच्या नोकरीच्या गोष्टी त्या रिकाम्या सोफ्याला सांगितल्या. मी समोर बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं तेव्हा कप रिकामा होता.

“बघ, सगळा संपवला,” आई म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता की माझे डोळे भरून आले.

मी उठून दारापाशी गेले. टायरच्या चपला नव्हत्या.

आईचे बूट होते. तोंड बाहेरच्या बाजूला करून, जोडीने, नीट. शेजारी चिमूटभर लाल माती.

मी खाली बसले. बूट उचलले आणि आत वळवून ठेवले. रिकाम्या कॉरिडॉरला, स्पष्ट मराठीत, मी म्हणाले, “आज नको. उद्या. केशो.”

दूर, लिफ्टच्या दाराशी, जमिनीवर पिवळा गोल होता. तो जागचा हलला नाही.

“क्षिप्रा,” आतून आईने हाक मारली, “माझा मेतकुटाचा डबा कुठे ठेवलास गं?”