वगळलेला ठोका

रात्रीची गोष्ट असती तर लोकांनी भास म्हणून सोडून दिली असती. ही सकाळची आहे. गेल्या थंडीतली, डहाणू रोड आणि घोलवडच्या मधल्या वळणावरची. ज्याला खोटी वाटेल त्याने वाडीत जावं आणि हंसा मासेवालीचं घर विचारावं.

घर सापडेल.

हंसा नाही सापडणार.

तिचा मुलगा गौरव. होडीवर जगलेल्या घरातला पहिला इंजिनिअर. रेल्वेच्या डब्याखाली, चाकापाशी, एक यंत्र बसवायचं होतं. वैद्याने नाडी धरावी तसं ते चाकाची थरथर ऐकणार आणि दुखणं ओळखणार. कुठल्या ठोक्याला गाडी थांबवायची आणि कुठला सोडून द्यायचा, याचे नियम लिहायला एक समिती होती. गौरव त्या समितीत होता.

रोज सकाळी चाचणीची गाडी निघायची. पुढे चालक उमेश, मागच्या डब्यात गौरव, समोर स्क्रीन.

पहिल्याच दिवशी, त्या वळणावर...

धप्.

मऊ ठोका. लोखंडाचा नव्हे. यंत्राने ब्रेक लावला, गाडी पुढच्या फाटकात जाऊन थांबली. गँगमन मागे चालत गेले. रूळ पाहिले, चाकं पाहिली.

काही नाही. ओलं गवत, आणि मासळीचा वास. पण डहाणूत तो कुठे नसतो?

दुसऱ्या दिवशी, तिथेच...

धप्.

मग रोजच.

"साहेब, तुमचं यंत्र नव्या सुनेसारखं आहे," उमेश म्हणायचा. "भांडं पडलं तरी दचकतं." रोज थांबायचंच म्हणून तो वळणाआधीच गाडी हळू करायला लागला.

घरीही तीच बोलणी. अंगणात बोंबील वाळत घालता घालता हंसा म्हणाली, "काय रे, तुझी गाडी अडेल बैलासारखी रोज फाटकातच बसते. माझा मासा नासतो ना."

"मग तू काय करतेस?"

"काय करणार? आम्ही बायका मागच्या वळणावरूनच रूळ ओलांडतो. तिथे ती येते कशी, गोगलगायीसारखी. तुझी गाडी तुझ्यासारखीच गरीब."

"जपून गं, आई."

ती हसली आणि तिची नेहमीची ओवी गुणगुणत कामाला लागली.

*लेक माझा आगगाडीत, गाडी जाते गं दुरून,*
*हात हलविते माय, पाटी डोईची धरून.*

समितीचे वरिष्ठ काशीनाथ साहेब मात्र वैतागले होते. "तपासून काही सापडत नाही ना? मग तो दोष नव्हे. असला मऊ ठोका वगळा, कुठेही आला तरी. आणि वगळलेल्याचा आवाज साठवू नका, उगाच जागा अडते."

"साहेब, ठोक्याआधी काहीतरी गुणगुणतं."

"वारा असेल. गौरव, आपल्याला नियम लिहायचेत, ओव्या नाही."

गौरवने नियम लिहिला.

घरी सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या सकाळी धुकं दाटलं होतं. आता थांबायचं नाही म्हणून उमेशने गाडी पळवली. वळण आलं...

धप्.

स्क्रीनवरची रेघ उसळली. तिच्याखाली राखाडी अक्षरं उमटली: वगळले.

गाडी थांबली नाही. गौरवने चहाचा घोट घेतला. त्याला बरं वाटलं. नियम चालला होता.

हंसा लगेच गेली नाही. रुळाशेजारी पडून होती, हात हलवत. धुकं विरलं तेव्हा गँगमनला तो हात दिसला.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "गाडी थांबली असती, लगेच सापडल्या असत्या, तर वाचल्या असत्या."

दिवसकार्य उरकल्यावर गौरवने चाचणीच्या पहिल्या दिवसाचा आवाज काढला. तो साठवलेला होता. चाकाची खडखड त्याने एकेक करून पुसली. खाली वारा उरला. वाराही पुसला.

आणि मग...

*लेक माझा आगगाडीत, गाडी जाते गं दुरून,*
*हात हलविते माय, पाटी...*

धप्.

त्या पहिल्या सकाळी हंसा घरी होती. चुलीपुढे बसून तिनेच त्याला डबा भरून दिला होता.

वळणावर आता ठोका येत नाही. रूळ गप्प आहेत.

गौरवने नियम काढा म्हणून हात जोडले. काशीनाथ साहेब हळहळले, पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "दुःखात नियम बदलत नसतात रे. गाड्या वेळेवर आहेत."

गेल्या आठवड्यात, घोलवडच्या पुढे, नव्याच जागी...

राखाडी अक्षरं.

परवा अजून एका जागी.

गौरवने हेडफोन कानाला लावला. काहीच नाही. वगळलेल्याचा आवाज साठवत नाहीत. त्यानेच तसं लिहिलंय.

कुणाचा ठोका, कळायला मार्ग नाही.

काल संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याची धाकटी बहीण कल्पिता आईची पाटी घासत होती. आता बाजाराला तीच जाणार.

"दादा," तिने मान वर न करता विचारलं, "मी कुठून ओलांडू?"



 मग तिने पाटी वाळायला पालथी टाकली आणि पुन्हा कामाला लागली...

गुणगुणत.