तामसीकाठच्या दोन गाद्या

तामसी नदीवरचे धुके विरू लागले आणि रणखांब किल्ल्याचा पूर्व बुरूज कोवळ्या उन्हात तांबूस उजळला, तेव्हा पैलतीरावरून पांढरे निशाण लावलेली एक नाव येताना पहारेकऱ्यांना दिसली. नदीच्या उत्तरेस रणखांबची गादी, दक्षिणेस माळकोटची. एकाच घराण्याचे राज्य दोघा भावांच्या वैरात मधोमध चिरले गेले होते. थोरले विक्रमराजे तहाच्या बोलण्यांसाठी धाकट्या मानाजीराजांच्या शामियान्यात गेले आणि तिथेच मारले गेले. तेव्हापासून उत्तरेचा कारभार त्यांची राणी गुणवंताबाई पाहत होती.

वकील दरबारात आला आणि साऱ्यांचे हात तलवारींच्या मुठींवर गेले. तो माळकोटचा सरनौबत हैबतराव होता. विक्रमराजांवर पहिला वार त्याच्याच हातचा.

"मानाजीराजांनी वहिनीसाहेबांस मुजरा सांगितला आहे," तो मान खाली घालून म्हणाला. "बादशाही फौज घाटाच्या पायथ्याशी आली आहे. दोन्ही गाद्या एक व्हाव्यात, अशी त्यांची इच्छा आहे."

"ज्या हातांनी धनी मारला, त्याच हातांनी दौलत सांधायला आलात?" सेनापती सुभानराव गरजले. "बाईसाहेब, आज्ञा व्हावी. याचे शीर नावेत घालून परत पाठवतो."

वृद्ध अमात्य त्रिंबकपंत उठले. "सेनापती, आपला संताप रास्त आहे. पण दुभंगलेले राज्य बादशहा दोन घासांत गिळेल. आणि वकिलाचा वध केला, तर माळकोटचा एकूण एक सरदार आपल्यावर चालून येईल."

पडद्याआडून राणी बाहेर आली.

"ऐकलेत, हैबतराव? माळकोटात मुत्सद्द्यांचा दुष्काळ नाही. मग इथे तुमचा जीव सुरक्षित नाही हे ठाऊक असताना राजांनी तुम्हालाच का धाडले?"

हैबतरावाचा चेहरा उतरला. राणी दोन पावले पुढे आली.

"त्यांना एकी नको आहे. त्यांना तुमचे प्रेत हवे आहे, म्हणजे आमच्यावर चालून यायला निमित्त मिळेल. शामियान्यात वाराचा इशारा कोणाचा होता?"

हैबतरावाने आवाज खाली आणला. "खुद्द मानाजीराजांचा. सरदारांना मात्र सांगितले, की विक्रमराजांनीच आधी तलवार उपसली."

"हे माळकोटच्या वेशीपुढे उभे राहून सांगाल?"

"अभय मिळाले तर सांगेन."

"वकिलाला अभय आहे," राणी म्हणाली.

सारी फौज नदीकाठी थांबवून राणी फक्त हैबतरावाला बरोबर घेऊन माळकोटच्या दरवाजापुढे गेली. तटावरून तिच्यावर बंदुका रोखलेल्या होत्या. सुभानरावांनी ढालकरी नेण्याची विनवणी केली होती. तिने ती मानली नाही. हैबतरावाने घडले ते तटाकडे तोंड करून मोठ्याने सांगितले. मानाजीराजे "गोळी घाला!" म्हणून ओरडत राहिले, पण एकाही बंदुकीला बत्ती लागली नाही. दोघा भावांच्या वडिलांचे मीठ खाल्लेल्या म्हाताऱ्या किल्लेदाराने स्वतःच्या हाताने दरवाजाचा अडसर काढला, आणि सूर्य माथ्यावर येण्याआधी मानाजीराजांच्या पायांत बेड्या पडल्या.

दोन्हीकडच्या सरदारांनी बेलभंडारा उचलून एकीची शपथ घेतली. जोडलेली फौज घाटमाथ्यावर उभी राहिलेली पाहून बादशाही सरदाराने तळ मोडला. मग माळकोटात एकत्रित राज्याचा पहिला दरबार भरला, आणि बक्षिसाच्या आशेने हैबतराव पुढे येऊन मुजऱ्याला वाकला.

"यांना धरा," राणी म्हणाली.

"बाईसाहेब, अभय..."

"ते परराज्याच्या वकिलाला होते. आज परराज्य उरले नाही. तुम्ही आमची रयत आहात, आणि आपल्या राजाचा खून करणाऱ्या रयतेला एकच शिक्षा आहे."

त्रिंबकपंतांनी हात जोडले. "बाईसाहेब, लोक याला वचनभंग म्हणतील."

"म्हणू देत, पंत. पतीचे प्रेत पाहिले त्या दिवसापासून मी याच सकाळसाठी जगले."

ज्यांनी पहिल्या दिवशी शीर मागितले होते, त्या सुभानरावांनी मान फिरवली. वार वेशीतच झाला. राणी शेवटपर्यंत उभी राहून पाहत होती.

राज्य पुढे एकच राहिले. मात्र ती हयात असेपर्यंत ओलीस मागितल्यावाचून एकाही दरबाराचा वकील तामसी ओलांडून आला नाही, आणि दर वेळी ती मुकाट्याने ओलीस देत राहिली.