एकसष्टावा कागद

खोक्याचं बूड जिन्यातच सुटलं, आणि तेही नेमकं त्या माणसाच्या पायाशी, ज्याच्या नावाने त्या एकसष्ट कागदांत खडे फोडलेले होते.

आमच्या कॉलेजात दर सहामाहीला मुलांकडून प्रत्येक शिक्षकाबद्दल अभिप्राय लिहून घेतात. नाव न लिहिता. पण शिक्षक अक्षर ओळखतात आणि मग मुलांवर डूख धरतात, म्हणून मूळ कागद त्यांना दाखवायचे नाहीत. ऑफिसातल्या क्लार्कने ते जसेच्या तसे टाईप करायचे, एक प्रत त्या शिक्षकाला द्यायची, एक प्राचार्यांच्या कमिटीला. ती क्लार्क म्हणजे मी. खोकं दोन दिवस गळक्या खिडकीखाली पडून होतं हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही उचलताना बघितलं नाही.

गणिताचे सर खालून वर येत होते. मुलं त्यांना शून्य सर म्हणायची. गणितात एक पायरी चुकली की पुढचं उत्तर बरोबर असलं तरी शून्य, म्हणून. म्हटलं, आता हे वाचणार, आणि मेमो मिळणार मला.

त्यांनी वाचलं नाही. मान भिंतीकडे वळवली आणि हाताने चाचपत एकेक कागद पालथा करून उचलायला लागले. एक कागद नेमका उताणा पडला होता, त्याच्यावर त्यांनी हातातलं डस्टर ठेवून दिलं. एवढा कडक माणूस... आणि जिन्यात ओणवा होऊन भिंतीला विचारत होता, अजून आहेत का हो तिकडे? मला हसू आवरेना. बाहेर रिपरिप चालली होती. त्यांच्या बाहीवरचा खडू ओला होऊन पांढरे ओघळ आले होते. ते मी का बघत बसले, देव जाणे.

"एकसष्ट," गठ्ठा माझ्या हातात देत ते म्हणाले. "मोजून घ्या."

"तुमच्यावर विश्वास आहे."

"विश्वास वेगळा, मोजणं वेगळं."

मी मोजले. एकसष्टच होते.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला ते ऑफिसच्या खिडकीशी आले आणि एक खडू मागितला. रजिस्टरात सही केली, गेले. तिसऱ्या दिवशी परत. एक खडू. अहो, प्रत्येक वर्गात खडूंचा डबा ठेवलेला असतो, हे मला ठाऊक, त्यांना ठाऊक, शिपाईकाकांनाही ठाऊक. चौथ्या दिवशी मी विचारलंच, की सर, तुम्ही खडू लिहायला नेता की खायला? ते जरासे गोंधळले. म्हणाले, झिजतात फार. मी म्हटलं, मग थोडं हलक्या हाताने लिहीत जा, मुलं पण कमी झिजतील. त्यावर ते हसले. शून्य सर हसतात हे कॉलेजात फक्त मला माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, ते मला फार आवडलं.

शेजारच्या टेबलावरच्या मोठ्या बाईंना दिसत होतं सगळं. त्या एकदाच बोलल्या, आणि नको तेच बोलल्या. सरांची नेमणूक वर्षावर होती, दर वर्षी मुदत वाढवून घ्यायची. मागच्या वर्षी कमिटीने लेखी बजावलं होतं, अभिप्रायात एक जरी गंभीर तक्रार आली तर पुढे मुदतवाढ नाही. तेव्हा जपून गं बाई, त्या म्हणाल्या, जीव लावशील आणि माणूस जाईल गावाला.

मी एकतीस वर्षांची होते. घरी मी आणि बाबा, आणि दोघांच्या मधे टीव्ही. दिवसभरात मला कुणी आपणहून भेटायला येतं अशी एकच वेळ होती, पावणेपाच. आता तीही जाणार म्हणे.

रोज थोडे थोडे अभिप्राय टाईप करत होते. जीव मुठीत धरून वाचायचे. एकाने लिहिलं होतं, सरांच्या तासाला घड्याळही दबकून चालतं. दुसरा म्हणत होता, सरांनी एकदा हसून दाखवावं, आमच्याकडून पाच मार्क. एकजण नऊ वाजून एक मिनिटाने आला म्हणून दाराबाहेर राहिला, आणि त्याने काचेतून बघून अख्खा तास उतरवून घेतला. पुढे लिहिलं होतं, तेवढा एकच धडा मला पक्का येतो. सर चांगलं शिकवतात हे परीक्षा झाल्यावर कळतं, असंही तीन-चार जणांनी लिहिलं होतं. शिव्या होत्या, कुरकुर होती, पण गंभीर असं काही नव्हतं. साठ झाले आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग एकसष्टावा उचलला.

'सर शिकवतात चांगलं. माझी ताई तीन वर्षांपूर्वी याच वर्गात होती. एकदा सरांनी तिला फळ्यासमोर उभं केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, तुझ्याच्याने हे होणार नाही, दुसऱ्याची जागा अडवू नकोस. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आता ती घराबाहेरही पडत नाही. केस विंचर म्हटलं तरी म्हणते, माझ्याच्याने नाही होणार. सरांना हे माहीत आहे का, एवढंच मला विचारायचं आहे.'

मी तो परत पहिल्यापासून वाचला. त्याला कारण होतं. मीही याच विषयात, दुसऱ्या वर्षाला नापास झालेली. आमच्या वेळचे सर वेगळे, पण फळा तोच आणि वाक्यही जवळपास तेच. मी दप्तर उचलून घरी गेले ती परत वर्गात गेलेच नाही. बाबांनी सगळ्यांना सांगितलं, मुलीला नोकरी लागली. नोकरी दोन वर्षांनी लागली, त्याच कॉलेजात, फळ्याकडे पाठ करून बसायची. म्हणजे त्या कागदाचं दुखणं सगळ्यात आधी कुणाला कळायला हवं होतं? मला.

आणि मी काय केलं? कागद घडी करून खणात टाकला. कुलूप लावलं. स्वतःला म्हटलं, गेलेली मुलगी काही परत येत नाही, आहे तो माणूस कशाला घालवा. साठ अभिप्रायांची प्रत स्टाफरूममधल्या सरांच्या खणात ठेवली, कमिटीची दुसऱ्या दिवशी जायची होती. त्या दुपारी मी केस नीट बांधले, एवढी मी निर्लज्ज झाले होते.

पावणेपाचला ते आले. मी खडूचा डबा उघडूनच ठेवला होता. त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

"एक कमी आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, भिजून फाटला असेल. ते म्हणाले, मी एकसष्ट उचलले होते, एकही फाटका नव्हता. मी म्हटलं, कोरा होता. ते म्हणाले, कोरा असेल तर कोरा म्हणून टाईप करा, तोही अभिप्रायच आहे. आवाज चढला नव्हता. पण वर्गात मुलांची पाचावर धारण का बसते, ते मला तेव्हा कळलं. मोठ्या बाई पर्स उचलून हळूच निघून गेल्या.

मी खणाचं कुलूप काढलं. कागद बाहेर येताना बघून त्यांनी पुन्हा मान भिंतीकडे वळवली. तेव्हासुद्धा. मी टाईप करत होते आणि ते भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे होते. मला रडू फुटलं, पण बोटं थांबवली नाहीत.

त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. मग बाकावर बसले.

"असंच म्हणालो होतो मी," शेवटी म्हणाले. "शब्द हेच. मला वाटलं, तिने विषय बदलला असेल... पोरगी हुशार होती. घाई करायची, बस." त्यांनी कागद बाकावर ठेवला. "तुम्ही हा का काढून ठेवलात?"

"तुमची नोकरी जाईल म्हणून."

"आणि?"

"आणि तुम्ही गेलात तर पावणेपाचला खडू मागायला कोण येणार?"

बोलून गेले आणि जीभ चावली. असलं बोलायची ती वेळ होती का? ते माझ्याकडे बघत राहिले. इतकं सरळ त्यांनी माझ्याकडे आधी कधी बघितलं नव्हतं.

"उत्तर बरोबर आहे," ते हळू म्हणाले. "पायरी चुकली."

मग उठले, कागद घेतला आणि थेट प्राचार्यांच्या केबिनकडे गेले. मी खुर्चीत बसून राहिले. पाच मिनिटांनी मीही गेले, कारण माझं पाप ते भिजलेल्या खोक्यावर ढकलतील याची मला खात्री होती. आणि खरंच, आत तेच चाललं होतं. मी मधेच सांगून टाकलं, की खोक्याचा दोष नाही, कागद मीच लपवला. प्राचार्य आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मला मेमो मिळाला. त्यांना मिळायचं ते आठ दिवसांनी मिळालं. मुदतवाढ देता येत नाही, अशी चार ओळींची चिठ्ठी. ती टाईप करायचं काम माझ्याचकडे आलं. एकही अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

त्या दिवसापासून ते खिडकीशी आले नाहीत. पावणेपाच वाजायचे आणि नुसतेच वाजायचे. मोठ्या बाई माझ्यासाठी चहा मागवायच्या, काही विचारायच्या नाहीत. एक मुलगी फी भरायला आली तेव्हा तिने आपणहून सांगितलं, तो कागद माझाच, आणि सर आमच्या घरी आले होते. दाराबाहेर उभं राहून म्हणाले, मी चुकलो होतो. ताईने दार उघडलं नाही. पुढच्या रविवारी परत आले. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या खेपेला ताईने आतून फक्त विचारलं, कोण आहे. सरांनी नाव सांगितल्यावर परत सगळं सामसूम.

सरांचा शेवटचा दिवस शनिवार होता. पावणेपाचला ते आले. हातात पुठ्ठ्याची पेटी. खिडकीतून आत सरकवली. उघडून बघते तर खडू. एकूण एक कोरे, टोकसुद्धा झिजलेलं नाही.

"मोजून घ्या," ते म्हणाले.

रजिस्टरात एकोणीस सह्या होत्या. मी दोनदा मोजले. पेटीत अठराच.

"एक कमी आहे."

"आहे. तो मी ठेवलाय."

मला रडायचं नव्हतं, म्हणून मी विचारलं, कॉलेजचा माल नेताय, रजिस्टरात काय लिहू? ते म्हणाले, झिजला असं लिहा. मग त्यांनी सांगितलं, चार तासांवरच्या एका शाळेत जागा मिळाली आहे, सोमवारी निघायचं. लहान मुलं आहेत. शून्य द्यायची सवय मोडावी लागेल. मी म्हटलं, मोडेल. आणखी काय म्हणणार होते? रविवारी मात्र येत राहणार, ते म्हणाले. तिथे, त्या दारापाशी. उघडो न उघडो.

बोट खिडकीच्या चौकटीवर फिरवत राहिले, त्या बोटाला अजून खडू लागलेला होता.

"उद्या... याल का बरोबर? फार काही करायचं नसतं. उभं राहायचं, एवढंच. एकट्याने उभं राहवत नाही हो मला आता."

आलेच, असं मी इतक्या घाईने म्हणाले की त्यांना हसू आलं. महिन्याभराने बघितलं ते हसू, आणि तेही फार थकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ढग दाटून आले होते. तिसरा मजला, अंधारा जिना, दाराबाहेर चपलांचे दोनच जोड. ताईची चप्पल कुठली ते लगेच कळलं, तिच्यावर धूळ होती. सरांनी दार वाजवलं आणि मागे सरकले. त्यांचा हात माझ्या हाताला लागला. मी तो धरला, त्यांनी सोडवून घेतला नाही. तो थंडगार पडला होता.

"कोण आहे?" आतून आवाज आला. तीन वर्षांत कुणाशी फारसं न बोललेला आवाज.

सरांनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं.

"मी," मी म्हणाले. "दुसऱ्या वर्षाला गणितात नापास झालेली."

एकदा तोंड उघडलंच होतं. मी त्या बंद दाराला सगळं सांगायला लागले. तो फळा, ते वाक्य, उचललेलं दप्तर, बाबांनी लोकांना सांगितलेली नोकरी. दहा वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सर ऐकत होते. माझा हात त्यांनी घट्ट धरला.

कडी निघाली नाही. पण आत खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती ओढत दारापाशी आणली गेली, अगदी जवळ, आणि कुणीतरी तिच्यावर बसलं.

मग आम्हीही तिथेच जिन्यात खाली बसलो, आणि मी पुढचं सांगायला लागले.