नाव न घेता

सान मामेदच्या यात्रेला निघताना ओबदुलियाने मासे भरलेल्या पोळीचे तीन तुकडे फडक्यात बांधले. एक स्वतःला, एक सासूला आणि एक मेलेल्या नवऱ्याला. स्पेनमधल्या गालिसियाच्या त्या किनाऱ्यावर मेल्याने कोणी यात्रेतून सुटत नाही. जो जिवंतपणी सान मामेदला गेला नाही त्याला मेल्यावर जावंच लागतं, सरड्याबेडकाच्या रूपात सरपटत. म्हणून घरचे थडग्यावर जाऊन त्याला नावाने हाक मारतात, बसमध्ये त्याची जागा धरतात आणि कड्यावरच्या त्या संताच्या जुन्यापुराण्या चर्चमध्ये 'आता इथेच राहा' म्हणून सोडून येतात. त्या वाटेवर कोणी मुंगीवरही पाय देत नाही. वाटेत मारलेला जीव मारणाऱ्याच्याच घरी परततो, आणि मग कधीच जात नाही.

ओबदुलियाला नवऱ्याच्या, शेनारोच्या, शांतीचं काही पडलेलं नव्हतं. तो जिवंत होता तेव्हा दर शनिवारी पिऊन यायचा आणि तिला पट्ट्याने फोडून काढायचा. तो विहिरीत पडून मेला त्या रात्री ती कित्येक वर्षांनी गाढ झोपली. पण पुढच्याच शनिवारी तिच्या पाठीवर वळ उठले, ताजे, बक्कलाच्या खुणेसकट. मग ते दर शनिवारी उठू लागले. एकदा दात पडला, एकदा बरगडी मोडली. डॉक्टरने विचारलं, घरी कोण असतं? म्हाताऱ्या सासूशिवाय कोणी नाही, असं तिने सांगितलं, आणि ते खरंच होतं.

सासूचं, दोरिंदाचं, सगळं आयुष्य 'पुरुषाचा हात जडच असायचा' असं म्हणण्यात गेलं होतं. पण मेलेल्या मुलाचा हात बघून तिचीही बोबडी वळली. सुनेच्या पाठीला मलम आता तीच लावायची, आणि यात्रेचा हट्टही तिचाच.

शेनारोच्या थडग्यात आणखी एक जीव होता, त्यांची मुलगी साबेला. दारूच्या नशेत शेनारोने तिला जिन्यावरून खाली फेकलं होतं. डावा पाय मोडला आणि वाकडाच जुळला. आईचा झगा मुठीत धरून, पाय ओढत ती घरभर फिरायची. पायासाठी तिला सान मामेदला न्यायचा नवस ओबदुलियाने केला होता. शेनारोने जाऊ दिलं नाही, आणि त्याच थंडीत पोर तापाने गेली.

"नाव घेऊन हाक मार," दोरिंदा थडग्यापाशी म्हणाली.

ते नाव ओबदुलियाच्या जिभेवर येईना. तिने दगडावर बोटं आपटली. "चल. निघायचंय."

"नाव घे, पोरी."

"कळतं त्याला. माझा आवाज चांगला ओळखीचा आहे त्याच्या."

बसमध्ये दोघींच्या मधली जागा रिकामी ठेवली. ड्रायव्हर फुको गावचाच. आरशात बघून तो म्हणाला, "आज शेनारो गप्प आहे, वहिनी. एरवी एव्हाना माझ्या सात पिढ्या उद्धरून झाल्या असत्या." दोरिंदासुद्धा हसली. खिडकीच्या काचेवर धुकं साचलं होतं, आणि अगदी खाली, काठाला, कुणीतरी बोटाने गोगलगाय काढली होती. आधीच्या कुणा प्रवाशाच्या पोराने काढली असेल, असं ओबदुलियाला वाटलं.

शेवटची वाट पायी. रिवाजाप्रमाणे तिने एक दगड हातात घेतला, चर्चच्या दाराशी रचायला. दाट धुक्यात खाली समुद्र नुसता ऐकू येत होता. ओल्या दगडांचा आणि मेणबत्त्यांचा वास येऊ लागला तसा मागून आवाज आला. खस्... मग थांबून पुन्हा खस्...

"येतोय," दोरिंदा कुजबुजली. "मागे बघू नकोस..."

ओबदुलियाला घाम फुटला आणि आनंदही झाला. एवढा उंबरा ओलांडला की सुटका. पुढे काळोख्या गाभाऱ्यात नवसाचे मेणाचे हातपाय टांगलेले दिसत होते. तिने पाऊल उचललं, आणि मागून काहीतरी तिच्या झग्याला लोंबकळलं. गुडघ्याच्या खाली, घट्ट.

इतक्या वर्षांचा मार तिच्या अंगात एकदम पेटला. तिने झगा झटकला. हिरवा सरडा उंबऱ्यावर पडला. तिने दगड दोन्ही हातांनी उचलला आणि घातला. "घे. घे. घे." डोकं फुटलं, आतडी बाहेर आली, तिची स्वतःची बोटं ठेचून रक्त आलं तरी ती घालतच राहिली. दोरिंदाने केस धरून ओढलं तेव्हा कुठे ती थांबली.

उंबऱ्यावर रक्तामांसाचा चिखल उरला होता. फक्त मागचा डावा पाय शाबूत होता. तो आतल्या बाजूला वाकला होता, जुना मोडून वाकडा जुळलेला.

ओबदुलियाच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून आतले लोक उठून उभे राहिले. दोरिंदाने छातीवर क्रूस काढला.

"नाव घेतलं असतंस तर..." ती म्हणाली. "तो घरीच आहे अजून. आणि ही आता... घरी येणार."

शनिवार आला. दुपारपासून ओबदुलिया पाठ उघडी टाकून स्वयंपाकघरात बसली आणि वाट बघू लागली. ती देवाजवळ मार मागत होती. पाठीवर काहीच उठलं नाही. मग माडीवर पाय ओढल्याचा आवाज झाला. खस्... खस्... त्यामागे बूट वाजले. मग पट्टा.

ती जिन्याकडे धावली आणि वर बघून ओरडली, "शेनारो, मी इथे आहे. मला मार."

वरचा आवाज क्षणभर थांबला. मग जिन्यावरून काहीतरी पायरी पायरीवर आपटत खाली आलं, पण दिसलं काहीच नाही. तिचा झगा गुडघ्याखाली मुठीत धरल्यासारखा चुरगळला. वर बक्कल वाजलं, आणि बूट सावकाश जिना उतरू लागले.

त्यानंतर ओबदुलियाच्या अंगावर एकही वळ उठलेला नाही. दोरिंदा मात्र दर शनिवारी मलमाची भरलेली डबी खालच्या पायरीवर ठेवते. रविवारी ती रिकामी असते, आणि तळाशी लहान बोटांनी खरवडल्याच्या खुणा असतात.