दहा ते दोन, लूम बंद

"अम्मी, अब्बांना सांग, आज दहा ते दोन घरात थांबू नका म्हणावं."

खाजाभाई तिथंच होते! हाताच्या अंतरावर, भिंतीला पाठ टेकून, बशीतला चहा फुंकत... आणि तरी अरिबाचं वाक्य त्यांना वळसा घालून गुलबानोकडे गेलं, नि गुलबानोनं ते जसंच्या तसं उचलून नवऱ्यापुढं ठेवलं. चौदा महिने या दोन खोल्यांत बाप आणि लेक असेच बोलत होते.

"ऐकलं मी," खाजाभाई म्हणाले. "खोकल्यामुळं?"

अरिबा आईकडेच बघत राहिली. "कॅमेरा चालू असतो, अम्मी. तिकडून एक माणूस सगळं बघतो, ऐकतो. दुसरं कोणी दिसलं, कुणाचा आवाज आला, तर पेपर तिथंच बंद. मग पुन्हा कधी, अल्ला जाणे."

परीक्षा एथिकल हॅकिंगची. मालकाच्या परवानगीनं त्याच्या कॉम्प्युटरची कुलपं तपासायची, चोराच्या आधी फट शोधायची. हे खाजाभाईंना आता समजत होतं. चौदा महिन्यांपूर्वी समजलं नव्हतं...

तेव्हा क्लासचा सराव म्हणून अरिबानं न सांगता बापाच्याच मोबाईलवर खोटा मेसेज पाठवला: तुमचा गॅस बंद होणार, इथे दाबा. घाबरून त्यांनी दाबलं. "फसलात की अब्बा!" ती हसली, आणि मोहोळहून आलेले पाहुणेही हसले, जोरात, मांडीवर थाप मारून! दुसऱ्या दिवशी खाजाभाई भर वर्गात जाऊन सरांना म्हणाले, "पोरगी बापाला फसवायला शिकली. नाव काढा तिचं." नाव निघालं. अरिबा रडली नाही, भांडली नाही. नुसती बापाशी बोलायची थांबली. वर्षभर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात राबली, स्वतःच्या हिमतीवर पुन्हा क्लासला गेली, आणि तिच्या त्या मूक शिक्षेनं खाजाभाईंचं अंतःकरण रोज थोडं थोडं कुरतडलं गेलं...

साडेनऊ.

गुलबानो कुंभारीला बहिणीकडे गेली. दाराला आतून कडी लागली. खाजाभाई बाहेर पायरीवर. लांब जाववेना.

नऊ चाळीस.

खटाखट, खटाखट, खटाखट!

मागच्या भिंतीपलीकडचे लूम, मल्लेशच्या शेडमधले यंत्रमाग! पण आज रविवार... रविवारी गल्लीतले लूम बंद असतात, म्हणून तर पोरीनं रविवार घेतला होता! आत खुर्ची सरकली. खिडकी आपटून बंद झाली. आवाज तेवढाच. मग बंद दाराआडून एक हुंदका आला, एकच, आणि तो दाबलेला हुंदका ऐकताच खाजाभाई चपला न घालताच धावत सुटले.

मल्लेशच्या शेडमध्ये चार लूम चालू होते, चार बंद. मल्लेश दाराशी टॉवेलांच्या घड्या मोजत होता. खाजाभाईंनी चौतीस वर्षं लूमवर काढली होती, त्यातली शेवटची नऊ याच शेडमध्ये.

"मल्लेशअण्णा, आज रविवार हाय की!"

"शुक्रवारी दिवसभर लाईट नव्हती. संध्याकाळी सहाला मालाची गाडी येणार. काय बे, अनवाणी कुठं पळतोस?"

"अरिबाची परीक्षा हाय. दहाला. आवाज आला तर बाद करतात. चार तास बंद ठेव."

"परीक्षा?" मल्लेशनं भुवया वर केल्या. "तूच नाव काढून आलास, ती?"

खाजाभाईंची मान खाली गेली. "तीच."

"लई भारी! आणि माझी गाडी? बिरप्पा, विरेशनं काय करायचं? कापडावर मजुरी हाय त्यांची, बसण्यावर न्हाय."

"पलीकडचे चार लूम बंदच हायत ना? सुताचे बीम चढवलेत, फक्त माणूस न्हाय. दोन ते सहा आठही चालव. ते चार मी बघतो. कापड या दोघांच्या नावावर लिही."

मल्लेशचा चेहरा बदलला. "डॉक्टरनं काय सांगितलंय तुला? धुळीत पाऊल टाकायचं न्हाय म्हणून..."

"डॉक्टरला विचारत न्हाय मी! तुला विचारतोय!"

बिरप्पानं आपणहून खटका दाबला. "बंद करा की मालक. न्हायतर हा म्हातारा हितंच उभा राहून मरंल, मग पोलीस, पंचनामा... लूम तसेच बंद!"

दहा.

शांतता.

सारं आयुष्य आवाजात गेलेला माणूस त्या शांततेला घाबरला! आपला श्वास त्याला ऐकू येत होता, छातीतली शिट्टी ऐकू येत होती... खोकला आला की रुमाल तोंडात कोंबून गल्लीच्या टोकापर्यंत पळायचं, तिथं मोकळं व्हायचं, डोळे पुसायचे, परत. पायरी. टोक. पायरी. बसवेना, उभं राहवेना.

"भंगारेऽऽ"

"ए बे, गप! पाया पडतो तुझ्या!"

"काय झालं चाचा? मयत हाय का?"

"परीक्षा हाय!"

"आँ?"

अकरा. साडेअकरा. आत काही वाजलं? नाही. साडेबारा. पोरगी पाणी प्यायली असेल का? कुकर, शेजारच्यांचा कुकर! "शिवबाई, दोनपर्यंत शिट्टी नको गं!" एक. ऊन पायरीवर आलं. उठले नाहीत. या दारापलीकडे लेक एकटी लढते आहे, आणि तिची वाट एकदा आपण, बापानं, आपल्या हातानं अडवली... या अपराधाला क्षमा कुणाकडे मागायची? ती तर ऐकूनही घेत नाही!

दोन.

कडी वाजण्याआधीच ते उठून गेले. शब्द दिला होता.

आठ लूम एकदम सुरू झाले. कापसाची बारीक धूळ उठली, तरंगली, नाकातोंडात गेली. हात मात्र काहीच विसरले नव्हते. संपलेली सुताची कांडी बदल, धागा जोड, पुढच्या लूमला जा, मागं फीर. पहिल्या अर्ध्या तासातच छाती पेटली. ते लूमच्या लाकडाला धरून वाकले, खोकले, पुन्हा उभे राहिले. विरेश हातानं खुणावत होता: बसा. त्यांनी मान हलवली, बोटं दाखवली: सहा.

मग दारात अरिबा दिसली.

तिच्यामागं गुलबानो, पदर तोंडाशी. मल्लेशनं सगळं सांगितलं असणार. अरिबा लूमांच्या मधल्या बोळातून धावत आली. समोर उभी राहिली. ओठ हलले.

एवढ्या कोलाहलात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येतं? पण लूमवर काम करणारी माणसं कानांनी ऐकतच नाहीत. ती ओठ वाचतात. एका टोकाचा कारागीर दुसऱ्या टोकाच्या कारागिराला घरचं दुखणं सांगतो, चेष्टा करतो, शिवीसुद्धा देतो, आणि ती अचूक पोचते.

अब्बा.

खाजाभाईंनी वाचलं. चुकीचं वाचलं का? पुन्हा पाहिलं.

"अब्बा, घरी चला."

मान हलली: नाही. बोटं दाखवली: सहा.

"निकाल लगेच आला. मी पास झाले, अब्बा! चला ना!"

डोळ्यांतून धारा लागलेल्या, ओठांवर हसू, आणि बोटं तीच: सहा. त्या रडणाऱ्या, हसणाऱ्या, हट्टी चेहऱ्यापुढं अरिबा हरली. तिनं खांद्यावरची ओढणी काढली, बापाच्या नाकातोंडावर घट्ट बांधली, मागं दोन गाठी मारल्या. मग कांड्यांची टोपली उचलली आणि त्यांच्याशेजारी उभी राहिली. ते हात पुढं करत, ती कांडी देत होती.

आणि बोलत होती! आता त्यांच्याकडेच तोंड करून, थांबायचं नावच नाही...

"त्या दिवशी मी न विचारता तुमच्यावर प्रयोग केला. आमच्या कामात याला गुन्हाच म्हणतात, अब्बा. परवानगीशिवाय कुणाच्याही दाराला हात लावायचा नाही, हा पहिला धडा. मला माहीत होता. पाहुणे हसले तेव्हा तुमचं तोंड बघितलं मी... बघितलं, तरी हसत राहिले. मग माफी मागायला लाज वाटली, म्हणून राग धरून बसले. दुकानातल्या गमती सांगायच्या होत्या तुम्हाला. मला ताप आला होता, तुम्ही दाराबाहेर बसून होतात, ते ठाऊक होतं मला..."

तोंडावर ओढणी, त्यांना उत्तर देता येईना. देऊन काय करायचं होतं! ते नुसते वाचत होते, तहानलेल्या माणसानं ओंजळ न काढता पाणी पीत राहावं तसे, एकेक शब्द, चौदा महिन्यांचे.

तिसऱ्या लूमवर धागा तुटला. लूम थांबला.

बिरप्पा पलीकडून हातवारे करू लागला, "खाजाभाई! धागा! धागा तुटला बे!" चौतीस वर्षांत तुटलेला धागा खाजाभाईंच्या नजरेतून कधी सुटला नव्हता. आज त्यांनी मान वळवली नाही.

बिरप्पानं त्या दोघांकडे पाहिलं. मग तो आपले लूम सोडून आला, आणि तो धागा त्यानंच जोडला.