ट्रेलरमधला मामा

ही घटना खरी आहे. ज्यांना कमेंटमध्ये "फेकू" लिहायचंय त्यांनी लिहा. या पेजवरच्या निम्म्या कथांखाली ते मीच लिहिलेलं आहे.

गेल्या ऑक्टोबरातला रविवार. बोईसर. रात्र वगैरे नव्हती, दुपारी तीनचा शो होता.

मी कुंदन. राहायला दांडीत, समुद्रकाठच्या मच्छीमारांच्या गावात; कामाला बोईसरच्या एका कंपनीत. सोबत हेमाली, माझी मामेबहीण. आम्ही दोघं भयपट बघतो आणि निराश होऊन घरी येतो. हा आमचा छंद आहे.

कारण सगळे एकसारखेच. दार करकरतं, मांजर उडी मारतं, आरशात कोणीतरी उभं असतं. त्यातलं जे थोडंफार बरं, ते ट्रेलरमध्येच दाखवून टाकतात. भूत कोण, मेलं कसं, शेवटी कोण वाचतं... दोन मिनिटांत सगळा हिशोब. मग तिकीट काढायचं ते फक्त एसीसाठी.

म्हणून माझा नियम आहे. ट्रेलर लागला की डोळे मिटायचे, कानात बोटं घालायची आणि आरती म्हणायची.

त्या दिवशी थिएटरातले लाइट बंद झाले. ट्रेलर सुरू झाला. मी डोळे मिटले.

"कुंदन, अरे बघ! आपली दांडी!" हेमालीने मला ढोसलं.

मी आरतीचा आवाज वाढवला.

मग जाणवलं... पुढच्या रांगेतला माणूस वेफर्स खायचा थांबलाय. कोणी खोकत नाही. कानात बोटं असूनही ती शांतता ऐकू येत होती.

आणि हेमालीची नखं माझ्या दंडात.

डोळे उघडले तेव्हा पिक्चर सुरू झाला होता. मांजर येऊनही गेलं होतं.

"बाबा होता त्यात," ती म्हणाली.

तिचा बाबा म्हणजे माझा वामनमामा. स्वतःची होडी आहे. कॅमेऱ्यासमोर एकदाच उभा राहिलाय, लग्नात. त्या फोटोतही डोळे मिटलेले आहेत.

"शूटिंग केलं असेल गुपचूप. पार्टी द्यायला नको म्हणून बोलला नाय," मी म्हणालो. मामावर मला तसाही संशय असतो.

"होडीत चढत होता. आईकडे वळून बोलला, 'जातो मी.'"

मी हसलो. "बघ, खोटं हाय. मुंबईचा लेखक असणार. आपल्यात होडीवर निघालेला माणूस 'जातो' बोलेल? 'येतो' बोलतात. 'जातो' बोलला तर मामी डबा फेकून मारेल."

"आईचा चेहरा तसाच झाला," हेमाली म्हणाली. "मग होडी खाडीतून बाहेर पडली, आणि..."

"आणि?"

"संपला."

म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका ट्रेलरने शेवट लपवला होता. तोही नेमका हाच.

इंटरव्हलला मी ऑपरेटरकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाकडे ट्रेलर मागत होतो.

"कौन सा ट्रेलर, भाई? आज तो सीधा पिक्चर चालू किया."

मला आधी त्याचा संशय आला. मग हेमालीचा. पण ती रडत होती, आणि तिला अभिनय येत नाही. शाळेच्या नाटकात तिला झाड केलं होतं, तरी हसली.

मामा फोन उचलेना.

आम्ही अर्धा पिक्चर टाकून बाईकवर निघालो. दांडीला पोचलो तेव्हा सूर्य कलला होता आणि भरती लागली होती. मामा होडीत बर्फ चढवत होता. जयवंतीमामीने डबा पुढे केला.

मामा वळला.

"चल, जातो मी."

मामीचा हात तसाच राहिला. "काय बोललास?"

"येतो बोललो."

"जातो बोललास तू!"

"कान धू तुझे."

त्याला खरंच कळलं नव्हतं... हे जास्त वाईट होतं.

मग मी ते केलं, जे आमच्याकडे कोणी वैऱ्यालाही करत नाही. मोठ्याने विचारलं, "मामा, कुठं चाललास?"

होडीवर निघालेल्याला 'कुठं' विचारलं की त्या दिवशी त्याने परत फिरायचं असतं. मामा फिरला. मला काय काय बोलला ते इथे लिहीत नाही, पेजचे नियम आहेत.

त्या रात्री समुद्र गप्प होता. बाकीच्या होड्या मासळी भरून परत आल्या. मामाचा बर्फ वितळला. हेमालीने त्याला ट्रेलरचं सगळं सांगितलं.

"ट्रेलर हाय ना?" मामा सकाळी दारात. "चल, दाखव मला."

मी कंपनीत पोटदुखी कळवली. पुन्हा तीनचा शो. मामाला मध्ये बसवला, पलीकडे हेमाली. या वेळी मी डोळे फाडून बसलो.

तंबाखूची सूचना आली. पालघरच्या फ्लॅटची जाहिरात आली, 'स्टेशनपासून पाच मिनिटं'. मग पडदा काळा झाला.

काळाच राहिला.

पण मामाच्या तोंडावर... उजेड हलत होता.

निळा. मग पांढरा. मग लाल.

मी मागे बघितलं, कोणी मोबाइल धरलाय का. मागे रांगा रिकाम्या.

मामा एकटक बघत होता. एकदा हसलासुद्धा. मग थांबला. हळूच मान वळवून त्याने माझ्याकडे बघितलं... पुन्हा पडद्याकडे... पुन्हा माझ्याकडे. ओळख पटवतात तसं.

"चला," तो म्हणाला. "बघितलं."

"काय बघितलं?"

"माझी होडी परत आली."

"मग पुढे?"

मामा तोवर दरवाज्याकडे निघाला होता.

आता तो बिनधास्त समुद्रावर जातो. मी मुद्दाम 'कुठं' विचारलं तरी नुसता हसतो. स्वतःची काळजी मिटलेल्या माणसासारखा.

हेमालीला विचारलं. ती म्हणते, मामासोबतच्या शोला तिने डोळे मिटले होते. कानात बोटंही घातली होती.

आणि त्या दिवसापासून माझ्या घरी रोज पापलेट येतं. मामाकडून. मोठं.

बाहेरच्यांना कळणार नाही म्हणून सांगतो. आमच्यात मोठं पापलेट घरात कापत नाहीत, ते विकायचं असतं. घरात स्वस्तातली मांदेली, बोंबील. हेमालीला बघायला पाहुणे आले तेव्हाही मामाने मांदेलीवर भागवलं होतं.

परवा मी सरळ विचारलं, "मामा, त्यात मी होतो ना?"

त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. याआधी त्याचा हात माझ्या डोक्याला लागलाय तो फक्त टपली मारायला.

"तूच बोलतोस ना," तो म्हणाला, "शेवट आधी सांगितला तर मजा जाते."

मी पापलेट खातोय. टाकवत नाही, ताजं असतं.

आज सकाळी त्याने दोन पाठवली.