शेजारच्या सीटचं लाल बटण

विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासणं हे माझं काम. माणूस खोटं बोलायला लागला की आधी तपशील वाढवतो, हे मी टेबलाच्या या बाजूला बसून शिकलोय. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यात एकही तपशील वाढवलेला नाही. उलट दोन-चार गाळलेत. ते मलाच पुन्हा आठवायचे नाहीत.

जागा म्हणजे माझ्या मेहुण्याच्या इमारतीचं तळघरातलं पार्किंग. वेळ रविवारची दुपार. बाहेर लख्ख ऊन होतं. भुताखेतांची नव्हे, जेवून लवंडायची वेळ.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली तरी घरात सगळे त्याला बाळराजे म्हणतात, आणि तोही ओ देतो. लोकांचे कान तपासणं आणि श्रवणयंत्रं बसवणं हा त्याचा व्यवसाय. स्वतःचं छोटं क्लिनिक आहे. त्याचे स्वतःचे कान असे, की पलीकडच्या खोलीत कुणी बिस्किटाचा पुडा फोडला तर कोणत्या बाजूने फोडला तेही सांगेल.

लग्न केलं नाही. मोठं घर घेतलं नाही. पण लहानपणी भिंतीवर ज्या गाडीचं चित्र चिकटवलं होतं, ती गाडी मात्र घेतली. एका मालकाने वापरलेली, पण खरीखुरी स्पोर्ट्स कार. राखाडी रंग, दोनच सीट, इंजिन पाठीमागे. आणि उंची इतकी कमी, की आत बसायचं तर आधी जमिनीशी सलोखा करावा लागे.

"यात सामान कुठे ठेवायचं रे?" बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं.

"ताई, ही गाडी सामानासाठी नसते."

"मग कशासाठी असते?"

"ऐकण्यासाठी," तो म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.

खरं सांगतो, माझ्यासारख्या चिकट माणसाच्याही छातीत काहीतरी हललं. बाळराजेचे तर डोळे भरून आले होते. मग मला आत कोंबून एक चक्कर मारली. माझाही फोन गाडीला जोडायला लावला. "तुमची जुनी गाणी लावा, भाऊजी. थोडे तुम्हीही मालक व्हा." एवढं सुख मी माझ्या लग्नातही कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

आठवडाभरात गाडीत एक किरकिर सुरू झाली.

शेजारच्या सीटच्या आसपास कुठेतरी. बारीक. नखाने पत्रा खरवडल्यासारखी.

गॅरेजवाल्याने गाडी उघडून पाहिली. काही सापडलं नाही. "आवाज शोधणं हा माझा धंदा आहे," बाळराजे चिडून म्हणाला. "त्याला काय कळतंय!"

त्या रविवारी तो आवाजच शोधायला आम्ही खाली गेलो.

त्याची युक्ती सोपी होती. इंजिन बंद ठेवायचं आणि फोनवरून गाडीच्या स्पीकरमध्ये एकेक सूर सोडायचा. आधी जाड, मग बारीक. ज्या सुराला गाडीतला सैल भाग थरथरेल, तिथे किरकिरीचं मूळ. क्लिनिकमध्ये पेशंटला तो हेच सूर ऐकवतो.

तो आत बसला. मी बाहेर, त्याच्या बाजूच्या उघड्या काचेशी वाकून उभा राहिलो. मी बाहेर होतो, या गोष्टीचा नंतर मी फार विचार केला.

फोन हातात घेऊन तो सरळ समोर बघत म्हणाला, "आवाज आला की बटण दाबा. अगदी बारीक आला तरी दाबा."

"कुणाला सांगतोयस रे?"

तो दचकला आणि हसला. "जिभेची सवय हो, भाऊजी. दिवसभर हेच वाक्य."

आम्ही दोघंही हसलो.

पहिला सूर. जाड, घुमणारा. काही झालं नाही.

दुसरा. काही नाही.

तिसरा सूर सोडला, आणि...

टक.

शेजारच्या सीटचा पट्टा ज्यात अडकवतात, त्यावरचं लाल बटण आत गेलं. बाहेर आलं.

"ते सैल आहे बघ," मी म्हटलं.

त्याने आवाज कमी केला. तोच सूर.

टक.

आणखी कमी केला. आता मला काहीच ऐकू येईना.

टक.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "हे थरथरणं नाहीये. थरथरायला जोर लागतो. इतक्या बारीक आवाजाने केससुद्धा हलणार नाही."

मग त्याने फोन मांडीवर पालथा ठेवला. सूर बंद. आम्ही दोघं त्या बटणाकडे बघत राहिलो.

बटण हललं नाही.

ते वाट बघत होतं.

मी म्हटलं, चल वर, पुरे झालं. पण बाळराजेच्या तोंडावर भीती नव्हती. उत्तम पेशंट मिळाल्यावर डॉक्टरचा चेहरा होतो तसा झाला होता. "असे कान मी जन्मात पाहिले नाहीत," तो पुटपुटला. त्याने आणखी दोन सूर सोडले.

दोन्हींना उत्तर आलं.

सोमवारी सकाळी त्याचा फोन. "माझं मशीन बिघडलंय. येता का जरा?"

त्याची एक पद्धत आहे. रोज क्लिनिक उघडलं की पेशंट यायच्या आधी तो मशीन स्वतःच्या कानांवर तपासतो. आपल्याला नीट ऐकू आलं, म्हणजे मशीन ठीक. इतकी वर्षं त्याने ना मशीनवर शंका घेतली, ना कानांवर. त्या सकाळी मशीनने मधलेच काही सूर गिळले होते. त्याने हेडफोन बदलले, वायर बदलली. तरी तेच.

त्याने मला त्या जाड भिंतींच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. मी सगळे सूर ऐकले. सगळ्यांना बटण दाबलं.

काचेपलीकडे त्याचा चेहरा उतरत गेला.

"हा ऐकू येतोय तुम्हाला?"

"येतोय की. शिट्टीसारखा."

तो आत आला, माझ्या कानांवरचे हेडफोन काढले आणि स्वतःच्या कानांवर चढवले. "जा, तोच लावा."

मी बाहेर जाऊन त्याने दाखवलेलं बटण दाबलं. खोलीच्या उघड्या दारातून हेडफोनमधून गळणारी शिट्टी मला तिथवर ऐकू येत होती.

"लावा ना, भाऊजी," तो म्हणाला.

कोणते सूर गेलेत, हे मी विचारलं नाही. रविवारी ज्यांना टक झालं होतं, तेच. दुसरे कुठले असणार?

बायकोला कळल्यावर ती सरळ म्हणाली, "विकून टाक ती अवदसा."

"विकली तर माझं मला परत कोण देईल, ताई?" तो म्हणाला.

हे वाक्य मी तेव्हाच पकडायला हवं होतं. दुसऱ्याचं बोलणं पकडण्याचाच मला पगार मिळतो.

गुरुवारी दुपारी त्याच्या इमारतीच्या वॉचमनचा ऑफिसात फोन आला. "साहेब, तुमच्या मेहुण्यांना आवरा. अख्खी इमारत हादरतेय."

मी पोचलो तर तळघराच्या उतारावरच पायाखाली कंप जाणवला. इंजिन पूर्ण ताकदीने गरजत होतं. धुराने डोळे झोंबत होते. बाळराजे आत बसला होता. पाय दाबलेला, कपाळावर घाम.

मला बघून त्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला.

"बरं झालं आलात, भाऊजी. बघा ना..."

तो अगदी साध्या आवाजात बोलत होता. त्या गर्जनेत मला त्याचे ओठच वाचावे लागले.

"...सुरूच होत नाहीये."

मी खिडकीशी वाकलो.

शेजारच्या सीटवर ते लाल बटण आत जात होतं, बाहेर येत होतं. आत. बाहेर. आत. भुकेलं पोर घास गिळतं तसं.

मी खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. तळघरात एकदम शांतता झाली.

"काय करून बसलास हे?" मी ओरडलो. तो माझ्या तोंडाकडे टकामका बघत राहिला. परत मिळवायला गेला होता तो. रोज, कुणाला न सांगता. सूर उलटे लावून, सुलटे लावून, विनवण्या करून.

"बाळराजे, ऐकू येतंय का रे मी काय म्हणतोय ते?"

त्याने उत्तर दिलं नाही.

पण...

टक.

मी त्याला काखेत धरून बाहेर ओढला.

त्याच संध्याकाळी मी गाडी विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. आधीच्या मालकाचा नंबर मागितला.

"देतो, साहेब. पण फोन नका करू. मेसेज करा."

"का?"

"ते फोनवर बोलत नाहीत. गाडी द्यायला आले तेव्हाही सगळं कागदावर लिहून."

मी मेसेज केला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

'गाडीत काही वाजवू नका. काही बोलू नका.'

मी विचारलं, 'गेलेलं परत येतं का?'

त्याने वाचल्याची खूण दिसली. उत्तर अजून आलेलं नाही.

गाडी दुकानदाराकडे परत न्यायचं ठरलं. मीच न्यायची ठरवली. दुसऱ्या कुणाला पैसे देऊन त्या सीटवर बसवणं मला जमलं नसतं. मी हिशेबी आहे, पण इतका नाही. बायको भावाला घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेली होती.

मी तोंड घट्ट मिटून निघालो. खोकला आला, तोही गिळला. इंजिनच्या आवाजाला बटण हललं नाही. तो आवाज बहुधा त्याला मिळालेला होता.

रस्ता ओळखीचा होता. दुकानं उघडी, शाळा सुटलेली, सिग्नलला बाजूचे लोक गाडीकडे कौतुकाने बघत होते. एकाने तर अंगठा दाखवला.

आणि समोरच्या पडद्यावर बायकोचं नाव आलं.

माझा फोन. पहिल्या दिवशी जोडलेला.

रिंग वाजली. मी स्टीअरिंगवरची बटणं चाचपली. कॉल कापायचं कोणतं, घ्यायचं कोणतं, त्या गाडीत काही केल्या कळेना. घाईत अंगठा एकावर दाबला गेला.

"अहो, पोचलात का?"

तिचा आवाज चारी बाजूंनी आला. अगदी जवळून. कानात सांगावं तसा.

टक.

मी पुन्हा अंगठा दाबला. आवाज आणखी मोठा झाला.

"डॉक्टर म्हणतात, कानात काहीच दोष नाही. अहो, सगळं छान आहे म्हणतात."

टक. टक.

ती रडत होती. मी तिच्यावर ओरडू शकत नव्हतो, की फोन ठेव. माझं तोंड उघडलं असतं तर माझाही आवाज गेला असता त्याच्याकडे.

"बोलत का नाही? ऐकताय ना तुम्ही?"

टक.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घातली, बंद केली, दार लोटून अक्षरशः रांगत बाहेर आलो. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. तो मला नीट ऐकू आला. मी पदपथावर बसून कितीतरी वेळ नुसता ऐकत राहिलो. रिक्षा. चपला. कुणाचं तरी हसणं. सगळं होतं.

उरलेला रस्ता फोन बंद करून गेलो. दुकानदाराला सगळं सांगितलं. तो हसला नाही, पण दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे बघायला लागला. पुढच्या महिन्यात तिथून गेलो तेव्हा गाडी जागेवर नव्हती. कुणीतरी घेतली.

बाळराजे आता ओठ वाचतो. क्लिनिक मदतनीस बाई चालवतात. सगळ्यात महागडं यंत्र त्याने स्वतःला बसवून पाहिलं. त्यातून काहीच येत नाही.

माझं म्हणाल, तर मी ठीक आहे. कामावर जातो. लिफ्टचं दार, शेजारच्यांचं भांडण, ऑफिसातल्या पंख्याची कुरकूर, सगळं ऐकतो. मुद्दाम ऐकतो.

परवा बायको दारात येऊन उभी राहिली. कमरेवर हात. "तीन हाका मारल्या मी!"

ही एक मला ऐकू आली होती. मी म्हटलं, पेपरात होतो.

"लग्नाला इतकी वर्षं झाली की सगळेच नवरे बहिरे होतात," ती म्हणाली, आणि हसली. बहिणीला फोन करून तिने हा विनोद सांगितलाही. तिकडूनही मोठ्याने हसणं आलं. बहिणीचं हसणं मला ऐकू आलं, आणि त्याआधी बायको काय म्हणाली ते अर्धंच.

काल संध्याकाळी ती माझ्याकडे पाठ करून भांडी विसळत होती. बाहेर अंधारलं होतं, म्हणून ओट्यासमोरच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता. ती बोलत होती. बरंच काहीतरी, मनापासून. मध्येच थांबली, मान किंचित वळवली, उत्तराची वाट बघत राहिली.

नळाचं पाणी मला स्वच्छ ऐकू येत होतं.